लोहाऱ्याचा दगड आणि नागभीडचा रूळ

पदार्थ वितळला, गोठला, उकळला किंवा पाण्यात विरघळला तरी तो तोच राहतो आणि अशा बदलाला भौतिक बदल म्हणतात. परंतु त्याच्या अणूंची आपसांतील बांधणी मोडून नवी बांधणी झाली, म्हणजेच मूळ पदार्थ नाहीसा होऊन निराळ्या गुणधर्मांचा पदार्थ तयार झाला, की तो बदल रासायनिक ठरतो. रंग पालटणे, वायू सुटणे, उष्णता किंवा प्रकाश बाहेर पडणे, द्रवात साका बसणे, वास बदलणे अशी या बदलाची लक्षणे शाळेच्या पुस्तकात ओळीने दिलेली असतात आणि परीक्षेपुरती ती पुरेशीही असतात. प्रत्यक्षात मात्र यांतील जवळजवळ प्रत्येक लक्षण भौतिक बदलातही दिसू शकते आणि उलट काही मोठे रासायनिक बदल यांपैकी एकही लक्षण ठळकपणे न दाखवता पार पडतात, म्हणून लक्षण हा केवळ पुरावा असून निकाल नव्हे, हे भान ठेवूनच ती वाचावी लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड आणि त्याच्या भोवतालचा झाडीपट्टीचा मुलूख या वाचनासाठी विशेष सोयीचा आहे, कारण येथे एकाच धातूचे, लोखंडाचे, ऑक्सिजनशी जुळणे आणि तुटणे तीन तऱ्हांनी घडते वा घडत आले आहे: रेल्वेच्या रुळावर डोळे दिपवणाऱ्या झगमगाटात, लोहखनिजाच्या भट्टीत तासन्‌तास टिकणाऱ्या धगीत, आणि धानाच्या बांधीत कोणाच्या लक्षातही न येता.

नागभीड हे रेल्वेचे जंक्शन आहे. गोंदियाहून चंद्रपूर-बल्लारशाहकडे जाणारा मार्ग आणि नागपूरहून येणारा मार्ग येथे मिळतात, आणि हे दोन्ही मार्ग मुळात ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट रुंदीचे, नॅरोगेज होते. गोंदियाचा मार्ग आधी रुंद झाला. नागपूर-नागभीड मार्गावरील छोटी गाडी मात्र नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावत होती आणि त्यानंतर तेथे ब्रॉडगेजचे काम हाती घेण्यात आले. ब्रॉडगेजवर रुळांचे तुकडे पट्ट्या आणि बोल्ट लावून न जोडता शक्य तेथे एकसंध वितळजोड केले जातात. कारखान्यात हे काम विजेवर होते, परंतु मार्गावर, जागच्या जागी सांधा करायचा असेल तर भारतीय रेल्वे सामान्यतः थर्मिट पद्धत वापरते. ही पद्धत जर्मन रसायनज्ञ हान्स गोल्डश्मिट यांची असून तिचे पेटंट त्यांनी १८९५ मध्ये घेतले आणि १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामच्या रुळांवर तिचा पहिला वापर झाला. सामान्य माणसाला उघड्यावर पाहता येईल अशी इतकी नाट्यमय रासायनिक अभिक्रिया दुसरी क्वचितच असेल.

दोन रुळांच्या टोकांमध्ये सुमारे २५ मिलिमीटरची फट ठेवतात, फटीभोवती वाळूचा साचा बसवून सांध्याच्या कडा मातीने लिंपतात, आणि पेट्रोलच्या किंवा गॅसच्या ज्योतीने रुळाची टोके लालसर होईपर्यंत तापवतात. साच्याच्या वर उष्णतारोधी अस्तर असलेली मूस येते आणि तिच्यात पिशवीतील करडे-काळे मिश्रण ओततात, ज्यात मुख्यतः लोखंडाच्या ऑक्साइडचे, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग झालेल्या लोखंडाचे, कण आणि ॲल्युमिनियमचे कण असतात. हे मिश्रण गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिले तरी त्यात काहीच घडत नाही. याचे कारण असे की, ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असली तरी जुने बंध सैल करण्यासाठी सुरुवातीला काही ऊर्जा बाहेरून द्यावी लागते, आणि या किमान ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. ती देण्यासाठी फुलबाजीसारखी जळणारी काडी मिश्रणात खुपसली की क्षणात मुशीच्या तोंडातून पांढरा-पिवळा लोळ उठतो, ठिणग्या उडतात, खदखद ऐकू येते आणि साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत सारे शांत होते. तेवढ्या वेळात ॲल्युमिनियमने लोखंडाच्या ऑक्साइडमधील ऑक्सिजन काढून घेतलेला असतो. मुशीच्या तळाशी वितळलेले लोखंड आणि त्याच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची हलकी मळी असे दोन थर वेगळे झालेले असतात. तळाचे बूच वितळून लोखंड साच्यात उतरते, मळी बाजूच्या भांड्यात वाहून जाते, आणि काही मिनिटांनी साचा फोडून वर राहिलेला लालबुंद उंचवटा छाटून टाकला जातो. पुढे सांधा घासून रुळाच्या माथ्याशी सपाट करतात.

या दृश्यात दोन्ही प्रकारचे बदल एकमेकांत मिसळलेले आहेत आणि पाहणाऱ्याची गल्लत होते ती येथेच. रुळाचे टोक ज्योतीने लाल होणे हा भौतिक बदल आहे, कारण थंड झाल्यावर ते पूर्वीसारखे पोलादच असते. मुशीतील अर्ध्या मिनिटाची धुमाळी रासायनिक आहे. साच्यात उतरलेल्या लोखंडाचे गोठणे पुन्हा भौतिक. ज्वाळा, ठिणग्या आणि आवाज यांच्यापेक्षा निर्णायक पुरावा शेवटी उरलेल्या दोन थरांत आहे: ओतलेल्या मिश्रणात ना धातुरूप लोखंड मुख्य घटक म्हणून होते ना मळीचा हा कठीण, काचेसारखा दगड, आणि आता ते दोन्ही आहेत. वजनाचा हिशेबही जुळतो. १६० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि ५४ ग्रॅम ॲल्युमिनियम यांची अभिक्रिया पूर्ण झाली तर ११२ ग्रॅम लोखंड आणि १०२ ग्रॅम ॲल्युमिनियम ऑक्साइड मिळते, म्हणजे २१४ ग्रॅमचे २१४ ग्रॅमच राहतात. नवा पदार्थ शून्यातून येत नाही, अणूंचे भागीदार तेवढे बदलतात.

थर्मिटची आग पाहून तिच्यात अफाट उष्णता दडलेली असावी असे वाटते, आणि हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. एक किलो थर्मिट मिश्रणातून सुमारे ४,००० किलोज्यूल उष्णता निघते, तर एक किलो वाळलेल्या सरपणातून साधारण १६,००० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ चौपट. तरीही चुलीवर लोखंड वितळत नाही आणि मुशीत तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, कारण सरपणाची उष्णता तासभर हळूहळू सुटते आणि धूर, वाफ व हवेतील निष्क्रिय नायट्रोजन तापवण्यात तिचा मोठा वाटा वाया जातो, तर थर्मिटला बाहेरची हवा लागतच नाही, त्याचा ऑक्सिजन त्याच्याच पोटात असतो, आणि फारसा वायू तयार होत नसल्यामुळे जवळजवळ सगळी उष्णता मुशीतील पदार्थातच कोंडून राहते. अभिक्रियेचा थाट उष्णतेच्या परिमाणावर नव्हे तर वेगावर अवलंबून असतो. बाहेरची हवा लागत नसल्याने ही आग झाकून विझत नाही, आणि मुशीत किंवा साच्यात ओल राहिली तर वाफेचा स्फोट होऊन वितळलेले लोखंड चौफेर उडते. प्रशिक्षित वेल्डरांखेरीज कोणी या मिश्रणाच्या वाटेस जाऊ नये.

लक्षणे कशी फसवतात हे समजण्यासाठी याच भागातील मोहाफुलांचे उदाहरण रुळापेक्षाही बोलके आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती, परंतु मोहाच्या फुलांचे रसायन कायद्याच्या आधीचे आहे. वाळलेली फुले पाण्यात भिजवून ठेवली की काही दिवसांत वर बुडबुडे येऊ लागतात, वास आंबूस होतो आणि गोडी उतरते. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव फुलांतील साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करीत असतात आणि तो वायूच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. पुढे हाच सडवा चुलीवर चढवला की पुन्हा बुडबुडे येतात, पण आता ते केवळ उकळणाऱ्या द्रवाच्या वाफेचे असतात; आधीच तयार झालेले अल्कोहोल वाफ होऊन वर जाते आणि थंड होऊन पुन्हा द्रव होते, यात नवे काही बनत नाही. मडके तेच, सडवा तोच आणि बुडबुडेही दिसायला सारखे, तरी पहिला बदल रासायनिक आणि दुसरा भौतिक. बुडबुडा कशाचा आहे हा प्रश्न विचारल्याशिवाय तो कशाचाही पुरावा होत नाही.

रासायनिक बदल उलटवता येत नाही, हा नियमही असाच अपुरा आहे. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लालभडक होतो, कारण साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात हळदीतील कुर्कुमिन या रंगद्रव्याच्या रेणूतील हायड्रोजन सुटून त्याची रचना बदलते. त्याच डागावर लिंबू पिळले तर आम्लामुळे हायड्रोजन परत मिळतो आणि डाग पुन्हा पिवळा होतो. बदल रासायनिक आहे आणि तरीही एका क्षणात उलटला आहे.

लोखंडाच्या बाबतीत ही उलटसुलट ये-जा फार जुनी आहे, आणि विदर्भाच्या मातीत तिचा ठसा सापडला आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननात शिळावर्तुळे उभारणाऱ्या महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. अशा भट्टीचे काम थर्मिटसारखेच होते, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमधील ऑक्सिजन काढून घेणे, ज्याला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. फरक इतकाच की ऑक्सिजन नेणारा तेथे ॲल्युमिनियम नव्हे, तर लाकडी कोळशातील कार्बन होता.

मातीच्या कमरेएवढ्या किंवा छातीएवढ्या भट्टीत फोडलेले खनिज आणि कोळसा यांचे थर वरून टाकत राहायचे आणि भात्याने खालून सतत हवा मारायची, ही या पद्धतीची ढोबळ रीत. भात्याच्या नळीपाशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर चढताना तापलेल्या कोळशाच्या संपर्कात येऊन कार्बन मोनॉक्साइड हा ऑक्सिजनचा भुकेला वायू बनतो, आणि हा वायू खनिजाच्या खड्यांत शिरून त्यांतील ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने काढतो. तांबडे हेमॅटाइट प्रथम काळे मॅग्नेटाइट होते, मग त्याहून कमी ऑक्सिजनचे ऑक्साइड आणि शेवटी धातू. यांतील पहिला टप्पा ओळखण्याची खूण साधी आहे: हेमॅटाइटला चुंबक जवळजवळ धरत नाही, मॅग्नेटाइटला घट्ट धरतो. न वापरलेला कार्बन मोनॉक्साइड भट्टीच्या तोंडाशी हवेत येऊन निळसर ज्योतीने जळतो आणि त्या ज्योतीवरून आत वायू पुरेसा तयार होत आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो. खनिजातील वाळूचा अंश काही लोह ऑक्साइडशी संयोग पावून सुमारे १,२०० अंशांना वितळणारी मळी होते आणि खालच्या भोकातून वाहते. ती पातळ वाहू लागली की भट्टी लागली असे समजावे. लोखंड स्वतः मात्र १,५३८ अंशांना वितळते आणि एवढे तापमान या भट्टीत येत नाही, म्हणून ते कधीच द्रव न होता स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपात आत साचते आणि तो गोळा बाहेर काढून घणाने ठोकून त्यातील मळी पिळून काढावी लागते. ऑक्सिजन हे नाव अठराव्या शतकात मिळाले. ज्योतीचा रंग, मळीचा पातळपणा आणि गोळ्याचे वजन यांवरून त्याचे जाणे ओळखणारे कारागीर त्याआधी दोन हजारांहून अधिक वर्षे होते. त्यांना अडाणी म्हणण्याचे कारण नाही. नाव ठाऊक नसताना खूण अचूक वाचणे हे नाव पाठ करण्यापेक्षा अवघड काम आहे.

नागभीडपासून फार दूर नसलेल्या, सिंदेवाहीच्या बाजूच्या लोहारा गावाजवळील खनिजामुळे हीच अभिक्रिया एकोणिसाव्या शतकात मोठ्या भांडवलदारीच्या इतिहासात शिरली. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ मध्ये सुरू झाली होती, आणि १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील लोखंडउद्योगाच्या शक्यतेविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला, ज्यात लोहाऱ्याचे खनिज उत्तम असल्याचे आणि वरोऱ्याला कोळसा जवळच असल्याचे म्हटले होते. टाटांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला आणि तो या कामाला निरुपयोगी ठरला. खाणपट्ट्यांच्या तत्कालीन जाचक अटीही आड आल्या आणि बेत मागे पडला.

खनिज चांगले, कोळसा हाताशी, तरी अडले कोठे, याचे उत्तरही रासायनिक बदलाच्या खुणांतच आहे. आधुनिक झोतभट्टी काही मजले उंच असते आणि तिच्यात खनिज, चुनखडी व इंधन यांचा स्तंभ उभा असतो. त्या भाराखाली न चिरडता तापलेल्या वायूला वाट देणारे कठीण, सच्छिद्र इंधन लागते आणि ते म्हणजे कोक. कोळसा हवाबंद तापवला असता त्यातील डांबर व वायू निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. हा बदल सर्वच कोळशांत होतो, पण कोकजोगा कोळसा त्या वेळी आधी मऊ पडतो, फुगतो आणि मग कणांना एकमेकांशी चिकटवून एकजीव ढेप होतो, तर वरोऱ्यासारखा ओलसर, न चिकटणारा कोळसा तापवल्यावर भुगा किंवा सुटे तुकडे मागे ठेवतो. पुढे १९०४ च्या सुमारास सी. एम. वेल्ड हे अमेरिकन भूवैज्ञानिक टाटांच्या वतीने चांद्याच्या जंगलात फिरले आणि लोहाऱ्याचे खनिज कसदार असले तरी मोठ्या कारखान्याला पुरण्याइतके नाही असा निष्कर्ष निघाला. जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा यांचे लक्ष नागपूरच्या संग्रहालयातील भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाच्या खुणेकडे गेले, तेथून शोध पूर्वेकडे सरकला, आणि अखेर कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चांद्याच्या वाट्याला पोलादनगरी आली नाही ती खनिजाच्या दर्जामुळे नव्हे, हे स्थानिक अभिमानापोटी नव्हे तर नोंदीपुरते सांगितले पाहिजे.

आज कोक नसतानाही चंद्रपूर जिल्ह्यात घुग्गुस येथे लोहखनिजाचे क्षपण होते, ते स्पंज आयर्नच्या रूपाने. कलत्या, सावकाश फिरणाऱ्या लांब नळकांड्याच्या भट्टीत खनिज आणि न चिकटणारा कोळसा सुमारे १,००० अंशांपर्यंत तापवले जातात. उंच स्तंभाचा भार नसल्यामुळे कोळसा भुगा झाला तरी बिघडत नाही. लोखंड येथेही वितळत नाही, खडा घन अवस्थेतच ऑक्सिजन गमावतो आणि ऑक्सिजन गेलेल्या जागी सूक्ष्म छिद्रे उरतात. नैकुंडच्या भट्टीतील रसायन आणि हे रसायन यांत तत्त्वतः भेद नाही. त्या छिद्रांमुळे स्पंज आयर्न हवेतील ऑक्सिजन व ओल परत ओढून घेण्यास इतके उत्सुक असते की ओलसर ढीग आतून तापत जाऊन पेटल्याच्या घटना या उद्योगाला परिचित आहेत. उघड्यावरच्या रुळावर चढणारा गंज आणि हा पेटता ढीग ही एकाच ऑक्सिडीकरणाची संथ आणि वेगवान रूपे होत. पूर्णपणे फेरिक ऑक्साइड झालेले १०० ग्रॅम लोखंड ४३ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन वजनाने वाढते, आणि गंजात पाण्याचाही अंश असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक.

या सर्वांत निःशब्द बदल नागभीडच्या धानाच्या बांधीत होतो. रोवणीसाठी बांधीत पाणी भरून चिखल केला की मातीतील हवा कोंडली जाते आणि तिच्यातील ऑक्सिजन सूक्ष्मजीव एक-दोन दिवसांत संपवून टाकतात. त्यानंतर श्वसनासाठी ते प्रथम नायट्रेटमधील, मग मँगनीज व लोखंडाच्या ऑक्साइडमधील ऑक्सिजनवर भागवतात, आणि या क्षपणाने तांबूस-तपकिरी फेरिक लोखंडाचे पाण्यात विरघळणारे फेरस लोखंड होते. भट्टीसारखे ते धातूपर्यंत जात नाही, एका टप्प्यावर थांबते. चिखलात हात घालून खालची माती उपसली तर ती निळसर राखाडी निघते आणि हवेत ठेवली की काही वेळाने पुन्हा तपकिरी होऊ लागते. धानाचे रोप उपटून मुळे धुतली तर जुन्या मुळांवर गंजासारखा तांबूस लेप दिसतो, कारण धान आपल्या पोकळ खोडातून मुळापर्यंत हवा पोचवते आणि मुळाच्या पृष्ठभागावर फेरस लोखंड पुन्हा ऑक्सिजन घेऊन बसते. बांधीच्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्यावर कधी कधी सप्तरंगी तवंग येतो आणि कोणी तेल सांडले असावे असे वाटते. काडीने ढवळल्यावर तो पापुद्र्यासारखा तुटून तुकडे वेगळे राहिले तर ती हवेशी संयोग पावलेल्या लोखंडाची साय असते, आणि तुटून पुन्हा एकत्र आला तर खरोखरच तेल.

पाण्याखालील या बदलाचा शेतकऱ्याशी थेट संबंध स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, रूपाने येतो. कोरड्या तांबड्या मातीत स्फुरदाचा बराच भाग फेरिक लोखंडाला घट्ट बांधलेला असतो आणि रोपाला मिळत नाही. बांधी भरल्यावर लोखंड फेरस झाले की ही बांधणी सैल होऊन त्यातील काही स्फुरद पाण्यात मोकळा होतो. कोरड्या नमुन्याच्या माती परीक्षणात स्फुरद कमी दिसला तरी भरलेल्या बांधीत धानाला तो बहुधा त्याहून अधिक मिळतो, आणि पाणी काढून त्याच बांधीत रब्बीला लाखोळी किंवा हरभरा घेतला की तो पुन्हा लोखंडाला बांधला जातो.